श्टुटगार्ट ते ल माँ, गाडीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही नवरा-बायको चिंचवडचे. नवरा चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात, मी शिकवते. फ्रान्समधल्या ल माँची २४ तासांची मोटारशर्यत एकदा डोळ्यांनी बघायची हे लग्नाआधीपासून ठरलेलं होतं. अखेर एका जूनमध्ये गेलो. थेट न जाता जर्मनीत उतरून, भाड्याच्या गाडीने, वाटेत तीन जुने ट्रॅक बघत गेलो. तेव्हापासून फोनवर, लग्नकार्यात, मित्रांच्या मित्रांकडून जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केले आहेत. क्रमांक दिले आहेत, म्हणजे एका उत्तरात दुसऱ्याचा हवाला देता येईल.

१. ताई, ही ल माँची शर्यत म्हणजे नक्की काय? फॉर्म्युला वनसारखीच का?

नाही. फॉर्म्युला वनची शर्यत दोन तासांच्या आत संपते. ल माँला शनिवारी दुपारी चारला झेंडा पडतो तो रविवारी दुपारी चारपर्यंत. एका गाडीला आळीपाळीने चालवणारे तीन ड्रायव्हर असतात आणि २४ तासांत सर्वांत जास्त अंतर कापणारी गाडी जिंकते. पहिली शर्यत २६ आणि २७ मे १९२३ रोजी झाली. आता ती जूनच्या मध्याला होते. ट्रॅकची एक फेरी १३.६२६ किलोमीटरची, आणि त्यातला मोठा भाग म्हणजे एरवी ट्रक, दूधवाले आणि शाळेच्या बस जातात तेच रस्ते. १९७१ साली पोर्शच्या ९१७ गाडीने एका दिवसात ५,३३५ किलोमीटर कापले. तो विक्रम २०१० पर्यंत टिकला. आम्ही दोघांनी पाच दिवसांत हजार कापले, त्यावरून अंदाज करा.

२. पॅरिसहून ट्रेन आहे ना? मग एवढा वळसा कशाला?

आहे. पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनवरून वेगवान गाडी तासाभरात ल माँला सोडते. फक्त शर्यत बघायची असेल, रजा कमी असेल, तर तेच करा. मी आग्रह धरणार नाही.

आम्ही वळसा घेतला तो रस्त्यासाठी. नकाशावर चार ठिकाणं मांडून बघा. जर्मनीतला न्युर्बुर्गरिंग हा ट्रॅक आहे, पण ठरावीक दिवशी टोल भरून कुणालाही आत जाता येतं, म्हणजे ट्रॅकचा रस्ता होतो. बेल्जियममधल्या स्पाचा जुना ट्रॅक आज साधा गावचा रस्ता आहे. फ्रान्समधल्या रँसजवळ शर्यत संपून पन्नास वर्षं झाली, तरी रस्त्याच्या कडेला पिट (शर्यतीत गाड्या थांबवून दुरुस्त करायच्या जागा) आणि प्रेक्षागार उभे आहेत. आणि ल माँला दरवर्षी रस्त्याचाच ट्रॅक होतो. हे चारही क्रमाने पाहिल्यावर शेवटी ल माँचा तो सरळ रस्ता समोर आला तेव्हा मला जे वाटलं, ते ट्रेनने येऊन वाटलं नसतं. त्यासाठी हा सगळा खटाटोप.

३. दिवसागणिक मार्ग सांगाल का?

शनिवारी श्टुटगार्टला उतरलो. रविवारी पोर्श आणि मर्सिडीज ही दोन्ही संग्रहालयं पाहिली. दोन्ही सोमवारी बंद असतात, म्हणून रविवारच. सोमवारी न्युर्बुर्ग, साधारण ३०० किलोमीटर. मंगळवारी स्पा, जेमतेम १००. बुधवारी रँस, अडीचशेच्या आत. गुरुवारी पहाटे निघून ल माँ, साधारण ३५०. गुरुवारी रात्री हायपरपोल, म्हणजे शर्यत सुरू होताना पुढे उभं राहायच्या जागांसाठीची चुरस, शुक्रवारी शहरात ड्रायव्हरांची मिरवणूक, शनिवार-रविवार शर्यत. सोमवार-मंगळवार परतीचा प्रवास, मध्ये मेट्सला मुक्काम.

शनिवारी उतरल्या उतरल्या सामान भरून घ्या. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. उघडी सापडतात ती पेट्रोलपंपावरची आणि मोठ्या स्टेशनातली, तीही महाग.

४. रोज नवीन गाव, रोज गाडी. दमत नाही का माणूस?

दमतो, जर एकानेच चालवली तर. आम्ही ल माँचाच नियम उसना घेतला. तिथे कुठल्याही ड्रायव्हरला सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त आणि सगळे मिळून चौदा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. आमचा नियम त्याहून सोपा: दोन तास झाले की चालवणारा बदलायचा, मग कितीही छान चाललेलं असो. बदलताना गाडी पूर्ण बंद, दोघंही खाली, पाणी, दहा मिनिटं चालणं. आणि जो उतरला त्याने पुढचा अर्धा तास नकाशाला हात लावायचा नाही, डोळे मिटायचे.

लोक विचारतात, एवढं अंतर एवढ्या कमी दिवसांत कसं बसवलंत. गाडी जोरात हाणून नाही. सकाळी साडेसहाला निघायचं, एवढंच. फ्रान्समध्ये जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी दोनला पोचलात तरी पुढे अख्खा दिवस उरतो.

५. बायकोला हायवेची सवय नाही. मी एकटा चालवीन, चालेल?

हा प्रश्न नेहमी नवऱ्याच्या बाजूने येतो, म्हणून सरळ सांगते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर जिने गाडी चालवली आहे तिला जर्मनीचा ऑटोबान जड जाणार नाही, कारण तिथे लेनची शिस्त आहे. सवय नसेल तर निघण्याआधी दोन महिने दर रविवारी लोणावळ्यापर्यंत तिने चालवावी, तुम्ही शेजारी गप्प बसावं. मी तेच केलं. दोघांपैकी एकालाच येत असेल तर मात्र हा मार्ग पाचऐवजी आठ दिवसांचा करा.

६. व्हिसा कोणत्या देशाचा काढायचा? उतरणार जर्मनीत, शर्यत फ्रान्समध्ये.

शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, नियम असा की जिथे सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस समसमान असतील तरच पहिल्यांदा जिथे शिरणार तो देश. आमच्या रात्री मोजल्या तर फ्रान्स सहा, जर्मनी चार, बेल्जियम एक, म्हणून फ्रान्सचा व्हिसा, उतरलो जर्मनीत तरी. इमिग्रेशनवर विचारलं तेव्हा रात्रीगणिक बुकिंगचा कागद दाखवला, विषय संपला. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळणं हेच अवघड, तेव्हा फेब्रुवारीत हालचाल सुरू करा.

एक बारकावा. शेंगेनच्या आत सीमा उघड्या असल्या तरी जर्मनी आणि फ्रान्सने मधूनमधून तात्पुरती तपासणी लावलेली असते. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी ठेवा.

७. आपलं लायसन्स चालतं का?

मूळ लायसन्स आणि सोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, दोन्ही न्या. हा परवाना आपल्या आरटीओतून मिळतो, शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. नुसता तोच दाखवून चालत नाही. तो तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे, मूळ प्रत लागतेच. दोघं चालवणार असाल तर दोघांचे काढा.

८. गाडी भाड्याने घेताना काय बघायचं?

चार गोष्टी, आणि चारही काउंटरवर, करारावर सही करायच्या आधी. दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव करारात छापलंय का. नसेल तर तो चालवताना विमा नाही. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं आहे का. डेबिट कार्डावर बहुतेक ठिकाणी गाडी देत नाहीत. ज्या देशांत जाणार ते देश लिहिलेत का. आणि अपघात झाला तर आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाणार.

आमच्या बाबतीत तिसरीच गोष्ट राहिली होती. पैसे भरले होते, पण करारात बेल्जियमच नव्हतं. गाडीत बसून कागद चाळताना लक्षात आलं, परत रांगेत उभे राहिलो, पाऊण तास गेला. त्यापेक्षा आधी वाचा.

गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडायची तर मोठी रक्कम लावतात. आम्ही म्हणूनच श्टुटगार्टला परत आलो. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर नोंदणी करतानाच मागा. तिकडे न सांगता मिळते ती हाताने गिअर टाकायची. गाडी ताब्यात घेताना चाकांच्या रिमसकट चारही बाजूंचा व्हिडिओ काढून ठेवा.

९. उजव्या बाजूने चालवायची भीती वाटते.

सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात भीती जाते. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोलपंपातून बाहेर पडताना, सकाळी पहिल्यांदा गाडी काढताना. तिथे हात आपोआप डावीकडे वळतो. शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वेळी गाडी निघताना मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायचं. आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होतो.

इंडिकेटरची दांडी डावीकडे असते, वायपर उजवीकडे. पहिल्या दिवशी वळताना काच पुसली जाते. बरेच चौक गोल असतात, आत आलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. पण जिथे काहीच फलक नाही अशा गावातल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो अगदी बोळातून का येईना. तिन्ही देशांत हा नियम आहे, आणि आपल्याला तो सर्वांत अंगवळणी न पडणारा आहे.

१०. ऑटोबानवर खरंच वेगाला मर्यादा नाही?

काही भागांत नाही, बऱ्याच भागांत आहे. मर्यादा नसलेल्या भागातही १३० हा शिफारस केलेला वेग आहे. त्यावर जाऊन अपघात झाला तर भरपाईचा काही भार तुमच्यावर येऊ शकतो. उजवीकडून ओलांडायचं नाही. डावी लेन फक्त ओलांडायला, काम झालं की परत उजवीकडे. आरशात दूर दिसणारा दिवा पाच सेकंदांत मागे येऊन उभा राहतो, हे आपल्या अंदाजात बसत नाही.

वाहतूक तुंबली तर सगळ्यात डावीकडच्या लेनने आणखी डावीकडे, बाकीच्यांनी उजवीकडे सरकून मध्ये रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करायची. सायरन ऐकू यायची वाट बघायची नाही, गाड्या थांबायला लागल्या की लगेच. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला भरून आलं. शेकडो गाड्या, कुणी कुणाला न सांगता, एकदम दोन बाजूंना.

आणि टाकी रिकामी होऊन गाडी थांबली तर तिथे तो गुन्हा धरतात. पाव टाकी उरली की भरा.

११. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये किती वेग?

बेल्जियमच्या महामार्गावर १२०. फ्रान्समध्ये महामार्गावर १३०, पाऊस असेल तर ११०. साध्या दुपदरी रस्त्यावर ८०, काही जिल्ह्यांत ९०. गावात ५०. गावाच्या नावाचा फलक हाच ५०चा फलक समजायचा, वेगळा आकडा लिहिलेला नसतो. नावावर तिरपी लाल रेघ दिसली की गाव संपलं. फ्रान्समध्ये मर्यादेपेक्षा ४० किंवा जास्त वेगाने सापडलात तर जागेवरच लायसन्स काढून घेतात. शर्यतीच्या आठवड्यात ल माँच्या वाटांवर पोलिसांची नजर फार कडक असते. रडार हुडकणारं यंत्र बाळगणंही बेकायदा आहे, आणि कानात इअरफोन घालून चालवणंसुद्धा.

१२. टोल किती आणि कसा?

जर्मनी आणि बेल्जियममध्ये मोटारीला महामार्गावर टोल नाही. फ्रान्समध्ये बहुतेक महामार्गांवर आहे: शिरताना तिकीट घ्यायचं, उतरताना पैसे. वर नारिंगी ‘टी’ दिसतो ती लेन आपल्या फास्टॅगसारख्या यंत्रवाल्यांची, तिथे शिरू नका. कार्डाचं चित्र किंवा हिरवा बाण बघा. कार्ड चाललं नाही तर मदतीचं बटण असतं; घाबरून मागे घेऊ नका.

गुरुवारी रँसहून ल माँला जाताना पॅरिस शहराच्या वळणरस्त्यात शिरू नये म्हणून आम्ही एन-१०४ हा बाहेरचा, बिनटोलचा रस्ता धरला, पुढे ए-१० आणि ए-११. शार्त्रच्या अलीकडे दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर गहू. तिथेच थांबून चालवणारा बदलला.

१३. पेट्रोल भरताना काही अडचण?

एकच, पण महागात पडणारी. फ्रान्समध्ये पंपावर ‘गाझोल’ लिहिलेलं असतं. ते पेट्रोल नाही, डिझेल आहे. टाकीच्या झाकणाच्या आतलं चिन्ह आणि पंपावरचं चिन्ह जुळवून बघा: गोलात ई असेल तर पेट्रोल, चौकोनात बी असेल तर डिझेल. माणूस नसलेल्या पंपावर कार्डातली मोठी रक्कम आधी अडकवली जाते आणि काही दिवसांनी सुटते, म्हणून कार्डावर जागा ठेवा.

१४. न्युर्बुर्गरिंगवर भाड्याची गाडी नेली तर कळतं का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, बहुतेक वेळा हळू आवाजात. नेऊ नका.

नॉर्डश्लाइफ हा न्युर्बुर्गरिंगचाच १९२७ सालचा, २०.८३२ किलोमीटरचा, आयफेलच्या डोंगरातून वर-खाली जाणारा ट्रॅक. पर्यटकांसाठी उघडा असतो तेव्हा कायद्याने तो टोलचा एकेरी रस्ता असतो: वाहतुकीचे नियम लागू, ओलांडायचं फक्त डावीकडून, वेळ मोजायला आणि चित्रीकरणाला बंदी. रस्ता आहे म्हणजे विमा आहे, असं लोकांना वाटतं. तिथेच फसतात. भाड्याच्या गाड्यांच्या करारात या ट्रॅकवर न्यायला सहसा स्पष्ट मनाई असते, आणि मनाई मोडली की गाडीचं संपूर्ण नुकसान तुमचं. वर कठडा वाकला तर कठड्याचे, ओढून नेण्याचे, ट्रॅक बंद राहिल्याचेही पैसे येतात. याच ट्रॅकवर १ ऑगस्ट १९७६ रोजी फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा याची गाडी पेटली आणि त्यानंतर फॉर्म्युला वन इथे परतली नाही. तो कसलेला माणूस होता, रोजचं काम होतं त्याचं.

मग काय करायचं? तिथल्याच ट्रॅकसाठी तयार केलेल्या गाड्या भाड्याने मिळतात, किंवा सराईत ड्रायव्हरच्या शेजारी बसून फेरी मारता येते. नवऱ्याने दुसरं निवडलं. खाली उतरल्यावर बराच वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, ‘टीव्हीवर चढ दिसतच नाही गं.’ मी ब्र्यूनशनच्या वळणावर झाडीत उभी राहून गाड्या बघितल्या. त्याला तिकीट नाही. पर्यटक फेऱ्या कामाच्या दिवशी बहुधा संध्याकाळी असतात. वेळापत्रक आधी पाहूनच मुक्काम ठरवा.

१५. स्पाला शर्यत नसताना काय बघणार?

जुना ट्रॅक. आजचा ७.००४ किलोमीटरचा, १९७० पर्यंत फॉर्म्युला वन ज्यावर धावली तो त्याच्या दुप्पट, १४ किलोमीटरचा त्रिकोण होता, माल्मेडी आणि स्ताव्हेलो या गावांच्या अंगाने. त्यातला बराचसा रस्ता आजही आहे आणि भाड्याच्या गाडीने, कायदेशीर वेगाने, विमा न गमावता जाता येतो. मास्ताच्या वळणावर दोन्ही बाजूंना घरं आहेत. त्या घरांच्या मधून त्या काळी माणसं पूर्ण वेगात जात. आम्ही पन्नासने गेलो आणि तरी मी सीट घट्ट धरली होती.

१६. रँसला थांबणं खरंच गरजेचं आहे?

माझ्या मते हो, तासभर तरी. शहराच्या पश्चिमेला ग्यो गावाजवळ डी-२७ रस्त्यावर जुने पिट आणि प्रेक्षागार आहेत. फाटक नाही, तिकीट नाही. इथे १९६६ पर्यंत फ्रेंच ग्रां प्री झाली, बारा तासांची शर्यतही होत असे. १९७२ नंतर ट्रॅक कायमचा बंद. भिंतींवरच्या तेलाच्या आणि टायरच्या जाहिराती स्वयंसेवकांनी पुन्हा रंगवल्या आहेत. आम्ही पोचलो तेव्हा एक ट्रॅक्टर पिटसमोरून शांतपणे गेला. कडेला गाडी लावताना मात्र लक्ष ठेवा, तो चालू रस्ता आहे.

१७. आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उपाशी नाही, पण विचारून खावं लागेल. बेल्जियमचे बटाट्याचे तळलेले काप परंपरेने गाईच्या चरबीत तळतात. तेल कोणतं ते विचारल्याशिवाय घेऊ नका. हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो, पण आधी कळलेलं बरं. फ्रान्समध्ये गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं धिरडं मिळतं, चीज-अंडं-मशरूम घालून छान लागतं. ‘सां जांबों’ म्हणजे हॅमशिवाय, असं सांगा. ल माँची खासियत रियेत, ते डुकराचं मांस असतं आणि सँडविचमध्ये सगळीकडे असतं.

जेवणाच्या वेळा पाळा. फ्रान्समध्ये दुपारी बारा ते दोन आणि संध्याकाळी सातनंतर. मध्ये स्वयंपाकघर बंद. आमचं दुपारचं जेवण बहुतेक सुपरमार्केटमधून ब्रेड, टोमॅटो, दही आणि सोबत घरची शेंगदाण्याची चटणी.

१८. घरून काय नेता येतं? तूप, पेढे?

नाही. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, त्यात तूप, खवा, पेढे सगळं आलं. ताजी फळं-भाजी आणि कढीपत्त्यालाही प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, खजूर, अननस यांना सूट आहे. भाजणी, मेतकूट, चटण्या, भाजलेले पोहे, तेलातल्या दशम्या यांना अडचण आली नाही.

१९. तिकीट कोणतं घ्यायचं आणि राहायचं कुठे?

साधं प्रवेश तिकीट घेतलं तरी ट्रॅकभोवती बरंच हिंडता येतं. प्रेक्षागारातली खुर्ची, गाडीची जागा आणि तंबूची जागा ही तीन वेगळी तिकिटं. लोक गाडीच्या जागेचं विसरतात. आदल्या वर्षीच विक्री सुरू होते आणि प्रेक्षक तीन लाखांहून जास्त, म्हणून उशीर नको. आयोजक ल माँचाच ऑटोमोबाईल क्लब आहे, त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या.

तंबूत राहणाऱ्यांची मजा वेगळी. वर्षानुवर्षं त्याच मैदानात, त्याच झाडाखाली येणारी इंग्लंडची, डेन्मार्कची मंडळी भेटतात, दिंडीच्या ठरलेल्या मुक्कामासारखी. पुण्याहून विमानाने तंबू नेणं आम्हाला जमणारं नव्हतं, म्हणून ला फ्लेशच्या बाजूला एका घरात खोली घेतली. शहरातून ट्रॅकजवळ आंतारेसपर्यंत ट्राम जाते.

२०. शर्यतीच्या रस्त्यावर आपली गाडी नेता येते?

हो. युनोदिएर नावाचा तो प्रसिद्ध सरळ भाग म्हणजे डी-३३८ रस्ता. १९८८ साली इथे एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला, १९९० मध्ये वेग तोडायला मध्ये दोन वळणं घातली. सरावाच्या आणि शर्यतीच्या वेळी रस्ता बंद असतो. शुक्रवारी ट्रॅकवर काही नसतं, तेव्हा उघडा. आम्ही शुक्रवारी सकाळी गेलो. कडेला तारेचे उंच कठडे, पुढे चौकातला साधा दिशाफलक, आणि आपल्यापुढे भाजीचा टेम्पो. वेगाबद्दल ११ वाचा. तिथे फलकावरचा आकडा पाळायचा, कारण मोह सगळ्यांनाच होतो आणि पोलिसांना ते माहीत आहे.

२१. चोवीस तास जागायचं का? बघायचं कुठून?

सलग जागू नका. आम्ही चार ते रात्री बारा, मग गाडीत तीन तास झोप, मग पहाटेपासून शेवटपर्यंत. सुरुवात डनलॉपच्या पुलाजवळून बघा. अंधार पडला की आर्नाज आणि म्युल्सानच्या वळणांवर जा, तिथपर्यंत बस सोडतात. गाड्या सरळ रस्त्यावरून येऊन ब्रेक लावतात तेव्हा चाकांच्या आतल्या तबकड्या लालभडक दिसतात. तबकडी विझते, गाडी वळते, आणि इंजिनाचा आवाज झाडांमागे जातो.

जून असला तरी रात्री थंडी वाजते. स्वेटर, रेनकोट आणि कानात घालायचे बोळे हवेतच. २०२४ साली पावसाने रात्री चार तासांहून जास्त सगळ्या गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे वेग आवरायला पुढे सोडलेल्या गाडीच्या, मागे रांगेत फिरत होत्या. खिशात छोटा रेडिओ ठेवा, ९१.२ एफएमवर इंग्रजी समालोचन असतं. त्याशिवाय पुढे कोण हे कळत नाही.

२२. इतक्या गाड्या एकदम, काही समजत नाही.

तीन गट असतात: हायपरकार सर्वांत वेगवान, मग एलएमपी-२, मग रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांसारख्या दिसणाऱ्या एलएमजीटी-३. तिघांच्या शर्यती एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर. एकच गाडी निवडा आणि तिचीच फेरी मोजा. आपल्याकडच्यांसाठी: २०१२ साली करुण चंडोक इथे धावला आणि त्याची गाडी एकूण सहावी आली.

२३. आई विचारते, प्रेक्षकांना धोका नाही का?

आईचा प्रश्न योग्य आहे. ११ जून १९५५ रोजी मुख्य प्रेक्षागारासमोर एक मर्सिडीज गर्दीत घुसली आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. त्यानंतर तो भाग पाडून नव्याने बांधला. आज कठडे, जाळ्या आणि मोकळी जागा यांमुळे प्रेक्षक बरेच मागे असतात. बंद केलेल्या भागात वाकून फोटो काढायला जाऊ नका, एवढं पाळलं की पुरे.

२४. एवढ्या घाईत भांडणं होत नाहीत?

झालं, एकदा, स्पाच्या अलीकडे, रस्ता चुकल्यावर. कारण रस्ता नव्हता. दोघांनी सकाळपासून खाल्लं नव्हतं. तेव्हापासून ठरवलं की चालवणाऱ्याचा शब्द गाडीपुरता शेवटचा, आणि नकाशावाल्याने वळण चुकलं तर ‘चुकलं’ म्हणायचं नाही, ‘पुढून वळू’ म्हणायचं.

२५. रविवारी चारला शर्यत संपली की लगेच निघता येईल?

कृपा करून निघू नका. ४ मधला नियम जागलेल्या माणसाला लागू होत नाही, त्याला गाडीच चालवायची नाही. शिवाय लाखो लोक एकदम बाहेर पडतात. झेंडा पडल्यावर लोक मुख्य ट्रॅकवर उतरतात, तुम्हीही उतरा, डांबराला हात लावा, ते अजून कोमट असतं आणि रबराने चिकट. रात्री झोपून सोमवारी निघा. सोमवारचं विमान आधीच काढलं असेल तर गाडी विसरा आणि २ मधली ट्रेन धरा.

२६. फ्रान्सच्या महामार्गावर गाडी बंद पडली तर?

पिवळं जाकीट गाडीत हाताशी ठेवा, डिकीत नको; घालूनच उतरायचं. उजव्या दाराने उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. नारिंगी मदतफोनवरून कळवा. महामार्गावर नेमलेलाच दुरुस्तीवाला येतो. विमा कंपनी किंवा ओळखीचा मेकॅनिक तिथे येऊ शकत नाही. जीवाचा प्रश्न असेल तर ११२.

२७. घरी आल्यावर तीन महिन्यांनी दंड आला, खरा असतो का?

बहुधा खरा. गाडीवाली कंपनी तुमचा पत्ता पोलिसांना देते आणि त्याचं शुल्क कार्डातून कापते. ते शुल्क म्हणजे दंड नव्हे, दंड वेगळा येतो. पत्रावरची तारीख, वेळ आणि जागा तुमच्या प्रवासाशी जुळवा. आम्ही कोण कधी चालवत होतं ते वहीत लिहिलं होतं, ते इथे कामी आलं. पैसे पत्रात दिलेल्या सरकारी मार्गानेच भरा, मेसेजमधल्या दुव्यावरून नाही. लवकर भरलं तर फ्रान्समध्ये रक्कम कमी होते, मुदत पत्रावरच असते.